देवनारच्या खाणावळीतली येसर आमटी

बाजाराहून माणूस घरी आला की त्याला दोन प्रश्न विचारले जातात. पुरुष विचारतात, "भाव काय मिळाला?" आणि बाया विचारतात, "जेवलात कुठं?" भावाची चर्चा पुढे चार दिवस पारावर चालते. जेवणाचे मात्र एका वाक्यात संपते. "खाल्लं कुठंतरी," असे म्हणून गडी पायावर पाणी घेतो आणि आडवा होतो.

वाचकहो, मी आज तुम्हाला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देणार आहे. भावाचेही सांगेन, कारण तो सांगितल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, हे मला माहीत आहे.

आमचे गाव तुळजापूर तालुक्यात. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. शेत मालकांच्या नावावर, पण शेळ्या माझ्या. आमच्या भागात असेच असते. शेतातला पैसा सोसायटीत आणि दुकानात जातो, शेळीचा पैसा बाईच्या हातात येतो. आमच्या शेळ्या काळ्याभोर, उस्मानाबादी जातीच्या. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले. बांधावरचा पाला आणि बाभळीच्या शेंगा खाऊन ती जगते, बहुतेक वेळा जुळे देते. आमच्यासारख्यांना दुष्काळात तिनेच तारले आहे.

त्या २०२३ च्या जून महिन्यात माझ्याकडे सात बोकड विकायला आलेले होते. मुलगी मुंबईत देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकत होती. तिला वसतिगृहाचे आणि जेवणाचे मिळून साठ हजार रुपये जुलैच्या आत भरायचे होते. इकडे जून सरत आला तरी पाऊस नव्हता. पेरणी खोळंबली होती आणि बियाण्याचे पैसेही हातात नव्हते. गावात येणाऱ्या व्यापाऱ्याने गोठ्यात नजर टाकून उक्ते सांगितले, "नगाला नऊ हजार. सातांचे त्रेसष्ट." मुलीचे पैसे भरून आमच्या हातात तीन हजार राहिले असते. तीन हजारांत बियाण्याची एक पिशवीसुद्धा धड येत नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बकरी ईद २९ तारखेला आहे. देवनारचा बाजार माझ्या वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर. तुम्ही स्वतःच का घेऊन येत नाही?"

घरात यावर दोन दिवस बोलणे झाले. आमच्या सासूबाई माळकरी. त्या वर्षी आषाढी एकादशी आणि बकरी ईद नेमकी एकाच दिवशी, २९ जूनला आली होती. पंढरपुरात आणि राज्यातल्या बऱ्याच गावांत मुसलमान बांधवांनी ठरवले होते की त्या दिवशी कुर्बानी करायची नाही, ती दुसऱ्या दिवशी करू. ही बातमी सासूबाईंनी ऐकली होती. त्या म्हणाल्या, "त्यांनी एवढा मान ठेवला, मग आपण काय म्हणून नाट लावायचा? पोरीच्या शिक्षणाचं काम हाय. जावा. पण वारीचा महिना हाय, तिकडं काय खाल्लं ते मला घरी येऊन सांगायचं." मी शब्द दिला. एरवी मी मटण खाते, पण आषाढात एकादशीपर्यंत आमच्या घरात ते शिजत नाही.

तीन घरे मिळून बावीस बोकडांचा एक टेम्पो केला. भाडे चोवीस हजार. शनिवारी, २४ तारखेला, दिवस मावळताना निघालो. टेंभुर्णीच्या पुढे एका पेट्रोल पंपावर दिंडीची माणसे झोपलेली दिसली. ती पंढरपूरला चाललेली आणि आम्ही देवनारला. मी टेम्पोतूनच हात जोडले.

घाट उतरताना गाडीला अचानक ब्रेक लागला, सगळी जनावरे पुढे आदळली. पनवेलजवळ उतरून पाहिले, तर सोन्याचे शिंग मुळातून मोडलेले. सोन्या म्हणजे सातांतला सर्वांत उंच बोकड. त्याची आई त्याच्या जन्मानंतर आठव्या दिवशी साप चावून मेली होती, म्हणून त्याला मी बाटलीने दूध पाजून वाढवले होते. जखमेत हळद भरली, पदर फाडून बांधला. मालक काही बोलले नाहीत. कुर्बानीला जनावर निर्दोष लागते, वर्षाचे पुरे झालेले लागते. म्हणून तर गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दोन दात आलेत का पाहते, मग कान, डोळे, पाय आणि शिंगे. मुळातून शिंग मोडलेला बोकड ईदच्या बाजारात कोणी घेत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

वाशीचा पूल ओलांडला आणि पाऊस सुरू झाला. ज्या पावसाची आम्ही गावाकडे तीन आठवडे वाट पाहत होतो, तो इथे आमच्या डोक्यावर कोसळत होता. त्याच दिवशी, २५ जूनला, मुंबईत आणि दिल्लीत एकदमच मोसमी पाऊस दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. असे बासष्ट वर्षांनी घडले, असे पुढे वाचले. आम्हाला त्या वेळी एवढेच कळत होते की भिजलेला बोकड खोकतो आणि खोकणाऱ्या बोकडाचा भाव पडतो.

देवनारचा पशुवधगृहाचा आवार म्हणजे एक गावच आहे. पूर्वी मुंबईचा कत्तलखाना वांद्र्याला होता. १९७१ मध्ये महापालिकेने तो देवनारला सुरू केला. चौसष्ट एकर जागा. ईदच्या दिवसांत राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, कुठून कुठून गाड्या येतात. शिरोहीचे ठिपक्यांचे बोकड, जमनापारीचे लांब कानांचे, घोड्याएवढे वाटावेत असे. त्यांच्या गळ्यात माळा, घुंगरू. आमचे काळे बोकड त्यांच्यापुढे शाळेत नव्याने आलेल्या खेड्यातल्या पोरांसारखे भिंतीला चिकटून उभे राहिले. शेडमध्ये जागा मिळवायला दोन तास गेले. चारा विकत. दिवस मावळेपर्यंत एकही बोकड विकला गेला नव्हता, आणि आम्ही सकाळपासून चहा सोडून काही घेतले नव्हते. सोबत आणलेल्या भाकऱ्या पावसात भिजून गेल्या होत्या.

तेव्हा मुलगी म्हणाली, "चल आई, तुला जेवायला नेते."

बाजारापासून गोवंडीच्या बाजूला गेले की एका गल्लीत ही खाणावळ आहे. बाहेर नावाचा फलक नाही. दारावर निळे प्लास्टिक ताणलेले आणि खाली चपलांचा ढीग. त्या ढिगावरूनच खाणावळ ओळखायची. आत चार लांब बाकडी, भिंतीला देवाचा एक फोटो आणि एका जुन्या गिरणीचे कॅलेंडर, कित्येक वर्षांपूर्वीचे. पुढच्या बाजूला मोठ्या शेगडीवर तीन पातेली. एकात मटणाचा रस्सा, एकात वजडी, एकात पाया. शेजारी परातीत भाकऱ्यांची चवड, वर ओले फडके. वास असा, की भुकेल्या माणसाचे पाय आपोआप आत वळावेत.

माझे मात्र पाय उंबऱ्यात थांबले. दिवसभर मी सोन्याच्या जखमेवरच्या माशा हाकलत होते. त्या पातेल्यांपुढे बसून जेवायचे म्हणजे काय, हे शेळी पाळणाऱ्या बाईला वेगळे सांगायला नको.

मालकीणबाई साठीच्या. नऊवारी नाही, साधे पाचवारी, पण कमरेला खोचलेला पदर आणि कपाळाला ठसठशीत कुंकू. बायकामाणसे तिथे फार येत नसावीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा माझ्या पदराच्या फाटलेल्या टोकाकडे पाहिले आणि विचारले, "माल घेऊन आलात का ताई?"

मी म्हटले, "हो. पण मावशी, वारीचा महिना पाळते मी. आणि तसंही आज..."

"कळलं," त्या म्हणाल्या. "आत या. मागची शेगडी वेगळी, तवा वेगळा, भांडी वेगळी. अहो, इथं बोकड विकायला येणारे निम्मे लोक बोकड खात नाहीत. धनगर येतात, माळकरी येतात. पाळलेलं विकून आलेला माणूस पहिल्या दिवशी तरी पिठलंच मागतो. मी विचारतसुद्धा नाही आता."

माझ्या समोर ताट आले. ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा, हिरवी मिरची. वाचकहो, पिठले काय आपण घरी रोज करतो. पण आठशे मैल चालून आल्यासारखे अंग दुखत असताना, ओल्या लुगड्याने, परक्या गावात कोणीतरी गरम भाकरी थेट तव्यावरून ताटात टाकावी, याची चव निराळीच. शेजारच्या बाकड्यावर कुर्ल्याचे एक वयस्क मुसलमान गृहस्थ पाया आणि भाकरी खात होते. आमचे बोलणे त्यांच्या कानावर गेले असावे. ते काही न बोलता ताट उचलून पलीकडच्या टोकाला जाऊन बसले. जाताना एवढेच म्हणाले, "आराम से खाओ, बेटा." कोणाला कमीपणा नाही, कोणाला त्रास नाही.

जेवता जेवता मुलीने मला एक मजेची गोष्ट सांगितली. तिच्या वाचनात आली होती. आपण शहरात ज्याला रेस्टॉरंट म्हणतो, तो शब्द फ्रान्स देशातला. मुळात त्याचा अर्थ हॉटेल असा नव्हताच. थकल्या-भागल्या माणसाला ताकद देणारा मांसाचा कढ, त्याला हा शब्द होता. पुढे तो कढ मिळण्याच्या जागेलाच तसे म्हणू लागले. तिकडच्या लहान बाजारगावांत अजूनही बाजाराच्या दिवशी खाणावळ गजबजते, आणि बाजारात जे आले तेच पातेल्यात पडते. पॅरिस शहरात ला व्हिलेट नावाच्या भागात १८६७ पासून गुरांचा मोठा बाजार आणि कत्तलखाना होता. त्याच्या भोवती मांसासाठी नावाजलेल्या खाणावळी उभ्या राहिल्या. १९७४ मध्ये तो कत्तलखाना बंद झाला. तिथलाच भाजीपाल्याचा मोठा बाजार, ले आल, १९६९ मध्ये शहराबाहेर हलला. त्या बाजारात रात्रभर ओझी वाहणारे हमाल पहाटे कांद्याचे गरम सूप पीत, आणि ते सूप पुढे साऱ्या जगात गाजले.

मी म्हटले, "म्हणजे तिकडचे साहेबही बाजाराच्या वेशीवर कांद्याचं कालवण आणि पायाच खातात की!"

मावशी भाकरी थापताना हसल्या. म्हणाल्या, "बाजार उठला की खाणावळ उठते ताई. मला ते फ्रान्सवाल्यांनी सांगायला नको. मी ते बघितलंय."

मग त्यांनी स्वतःचे सांगितले. मूळच्या साताऱ्याकडच्या. आई परळला गिरणीकामगारांची खाणावळ चालवायची. दहा बाय दहाच्या खोलीत तीस-तीस माणसांचे डबे. गावाकडून एकटे आलेले कामगार, महिन्याचा पगार झाला की खाणावळीचे पैसे द्यायचे. तोवर किराणा उधारीवर, आणि उधारीवर जबर व्याज. वर्षानुवर्षे बाया राबायच्या, पण वाण्याचे देणे फिटायचे नाही. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा खाणावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. बायांना बँकेतून कर्ज मिळू लागले. ज्यांच्याकडे गहाण टाकायला मणीसुद्धा नाही, त्या बाया एकमेकींना जामीन राहिल्या. "माझी आई अंगठेबहाद्दर," मावशी म्हणाल्या. "पण बँकेत गेली त्या दिवशी तिनं सही शिकून घेतली. मी शिकवली."

नंतर आला १९८२ चा जानेवारी महिना. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मिटलाच नाही. जेवणारी माणसे एक एक करून गावाला गेली. कोणी दोन महिन्यांचे पैसे ठेवून गेला, कोणी चारचे. "आईनं कुणाला अडवलं नाही. म्हणायची, उपाशी माणसाला हिशेब दाखवू नये." चूल थंड पडली. पुढे लग्न होऊन त्या गोवंडीला आल्या. नवरा बाजारात हमाली करायचा. त्याच्या चार जोडीदारांना त्यांनी डबा द्यायला सुरुवात केली, त्याची ही खाणावळ झाली. भिंतीवरचे ते गिरणीचे कॅलेंडर आईच्या खोलीतले.

रात्री मुलगी वसतिगृहावर गेली. मालक आणि गावची मंडळी बोकडांपाशी शेडमध्येच झोपणार होती. मावशी मला म्हणाल्या, "तुम्ही पोटमाळ्यावर झोपा. बाईमाणसानं तिथं चिखलात कशाला राहायचं?" चार रात्री मी तिथे काढल्या... म्हणजे खरे तर तीनच, पण मला त्या चार वाटल्या.

सोमवारी पाऊस उघडला आणि गिऱ्हाईक आले. सौदा कसा होतो, ते तुम्ही आठवड्याच्या बाजारात पाहिलेलेच असेल. रुमालाखाली हात, बोटांनी भाव, तोंडाने एक अक्षर नाही. एका दलालाने आमच्या मालकांना घोळात घेतले होते. "सगळे माझ्याकडं द्या, निम्मे पैसे आता, निम्मे ईदनंतर." मालक भोळे, ते हो म्हणण्याच्या बेतात. मला रात्रीची गोष्ट आठवली, पैसे ठेवून गावाला गेलेल्या माणसांची. मी चारचौघांत पुढे होऊन म्हटले, "आम्ही ईदनंतर इथं नसतो. रोख असेल तर बोला." बाजारात बाई बोलली म्हणून दोघे-तिघे हसले. दलाल निघून गेला. संध्याकाळपर्यंत चार बोकड चौदा-चौदा हजारांना गेले, मंगळवारी सकाळी एक पंधराला आणि एक तेराला. सगळे रोख. घरगुती, पाल्यावर वाढलेला माल म्हणून लोकांनी उलट आवडीने नेला.

राहिला सोन्या.

त्याच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी हरखून यायचा. उंची पाहायचा, पाठ दाबायचा, मग पट्टी पाहून मान हलवायचा. मंगळवारी दुपारी एक जण चार हजार म्हणाला. "परत घेऊन जाल तर भाडं अंगावर पडंल," असेही वर ऐकवले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परतीच्या टेम्पोत एका बोकडासाठी जागा कोण देणार? मालक म्हणाले, "देऊन टाकू गं. लई जीव लावून काय उपेग?"

मी मावशींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि हात पुसत म्हणाल्या, "नगावर देऊ नका. वजनावर द्या. शिंग मोडलं तरी वजन मोडलेलं नाही. मला मटण देणारा खाटीक आहे, सरळ माणूस. काट्यावर घालून पैसे देईल." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पण मन घट्ट आहे ना ताई? तो ईदसाठी नाही घ्यायचा, दुकानासाठी घेईल."

वाचकहो, मी इथे तुमच्याशी खोटे बोलणार नाही. ईदसाठी गेलेले सहाही कापलेच जाणार होते. पाळतानाही मला ते माहीत होते. त्या पैशांवर पोर शिकणार होती, हेही माहीत होते. तरी ज्याला बाटलीने पाजले त्याची दोरी दुसऱ्याच्या हातात देताना हात थरथरतो. काट्यावर तो चौतीस किलो भरला. किलोला अडीचशे, म्हणजे साडेआठ हजार. मी त्याच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि मागे न पाहता चालू लागले.

खाणावळीत येऊन बसले तर बसवेना. मावशींना म्हटले, "मला काहीतरी काम द्या." त्या म्हणाल्या, "मागच्या शेगडीवर आमटी टाका. तुमच्या पद्धतीची."

माझ्या पिशवीत येसराची पुडी होती. आमच्याकडची बाई परगावी निघाली की येसर बरोबर घेते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि धने वेगवेगळे खमंग भाजायचे. मिरे, लवंग, दालचिनी आणि सुके खोबरे भाजून त्यात घालायचे. सुकी मिरची घालून सगळे बारीक दळायचे. वर्षभर टिकते. तेलात लसूण-जिऱ्याची फोडणी करायची, पाण्यात कालवलेले येसर त्यात सोडायचे, मीठ घालून खळखळून उकळायचे. डाळ नको, भाजी नको, वाटण नको. दहा मिनिटांत दाट, झणझणीत आमटी तयार. दुष्काळात घरात काही नसताना आमच्या बायांनी पाहुण्यांपुढे हीच आमटी मानाने वाढली आहे.

मी मोठे पातेले भरून केली. संध्याकाळी लातूरकडची, उदगीरकडची माणसे जेवायला आली. पहिल्याच घासाला एक म्हातारबा थांबले. "कुणी केली गं ही?" त्यांनी आत डोकावून पाहिले. त्यांनी सात वाट्या प्याल्या, मी मोजल्या. मग गावाकडची बोली बोलत पंधरा-वीस माणसे मागच्या बाजूलाच बसली. मटण खाणारेही वाटी मागू लागले. पातेले तळाला गेले. त्या गर्दीत वाढता वाढता माझे मन हळूहळू जाग्यावर आले.

बुधवारी दुपारी आम्ही निघणार होतो. पुढच्या शेगडीवर रोजच्यासारखी पातेली चढली होती. मी तिकडे बघायचे टाळत होते. मावशी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजचं मटण दुसरीकडून आणलंय बरं का." ते खरे होते की माझ्यासाठी सांगितले, हे मी विचारले नाही. अजूनही विचारलेले नाही.

पैसे द्यायला गेले. चार दिवसांचे माझे, मालकांचे आणि लेकीचे जेवण. त्यांनी पिठले-भाकरीचे लावले, मुक्कामाचे घेतले नाही. आणि मंगळवारच्या आमटीचे उलट दोनशे रुपये माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हटले. त्या म्हणाल्या, "घ्या. चुलीपुढची मेहनत फुकट द्यायची नसते, हे आम्हाला मंडळात शिकवलंय." आणि एक स्टीलचा डबा दिला. "उद्या एकादशी. वाटेत तुम्हाला काय मिळणार? शेंगदाण्याचे लाडू आहेत, उपासाचे. डबा परत आणून द्यायचा, म्हणजे यावं लागेल."

आता भावाचे सांगते. सात बोकडांचे ब्याण्णव हजार पाचशे आले. टेम्पोचे आमच्या वाट्याचे सात हजार सहाशे. चारा, पाणी, बाजाराची पावती आणि बाकीचा वरखर्च साडेपाच हजार. आमचे जाणे-येणे आणि खाणे चोवीसशे. हातात राहिले सत्त्याहत्तर हजार. गावात त्रेसष्ट मिळत होते. म्हणजे चौदा हजार जास्त, पण त्यात दोन माणसांचे पाच दिवस गेले आणि रात्रीची झोप गेली. ते धरायचे की नाही, तुम्ही ठरवा. मुलीचे साठ हजार भरले, सतरा हजारांत बियाणे आणि खत आले.

तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर माझ्या चुकांवरून एवढे ध्यानात ठेवा. टेम्पोत खाली भुसा किंवा पाचट जाड पसरा आणि जनावरे दाटीने कोंबू नका, मध्ये बांबूचे आडवे बांधून कप्पे करा. आम्ही ते केले असते तर सोन्याचे शिंग वाचले असते. पावसाळ्यात ईद आली तर ताडपत्री घरून न्या. दोन दात आलेलेच बोकड न्या. पैसे रोख घ्या. आणि बाईने बरोबर जावे. जिने पाळले, तिने विकतानाही तिथे असावे.

गुरुवारी पहाटे घरी पोहोचलो. एकादशीचा दिवस. शेजारचे पुरुष अंगणात जमले आणि त्यांनी भाव विचारला. मालक सांगत बसले. सासूबाई तुळशीला पाणी घालून आल्या आणि त्यांनी मला आत बोलावले. "जेवलीस कुठं गं?"

मी सगळे सांगितले. मागची वेगळी शेगडी, वेगळा तवा, पिठले, आमटी, सोन्यासुद्धा. त्यांनी डबा उघडला, एक लाडू देवापुढे ठेवला, अर्धा मोडून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "डबा रिकामा परत देऊ नये."

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, ईद १७ जूनला होती. आम्ही पाच बोकड घेऊन गेलो. पिशवीत तो डबा होता आणि त्यात दाबून भरलेले येसर. खाणावळीच्या दारातले निळे प्लास्टिक बाजूला करून आत गेले, तर भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी खडूने लिहिले होते, "येसर आमटी मिळेल." आणि खाली बारीक अक्षरात, "येसर संपले आहे."

मी डबा पुढे केला.